दक्षिणेचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या जुन्या शाळेंतील माजी विद्यार्थ्यांचें एक संमेलन भरलें होतें. पन्नाशी उलटलेले, टक्कल पडलेले, कोणी अमेरिकेहून तर कोणी बंगलोराहून आलेले, असे आम्ही सारे पुन्हां त्याच बाकांवर दाटीवाटीनें बसलों. आणि मास्तरांच्या नकला, छडीच्या आठवणी, मधल्या सुटींतील तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी, या गप्पांत दोन तास कसे गेले तें कळलें नाहीं. शेवटीं संमेलनाच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला. शाळेस एक वातानुकूलित सभागृह हवें होतें. त्याचा नकाशा पडद्यावर दाखविण्यांत आला, आणि अर्ध्या तासाच्या आंत जो आंकडा जमला तो ऐकून आम्हांस अभिमान वाटला, हें खोटें कशास सांगावें? आम्हींही त्यांत आमचे २०,००० रुपये घातले. त्या रात्रीं घरीं परततांना आपण कांहीं पुण्यकर्म केल्याचें समाधान आमच्या मनांत होतें.

हें समाधान टिकलें असतें तर हा निबंध लिहिला गेला नसता. आमच्या घरीं स्वयंपाकास येणाऱ्या बाईंची मुलगी तेव्हां सातवींत होती. तिची शाळाही सार्वजनिक पैशावर चालणारी, मराठी माध्यमाची, आणि आमच्या जुन्या शाळेपासून फार तर दोन गल्ल्या दूर. संमेलनाची हकीकत आम्ही मोठ्या कौतुकानें घरांत सांगत होतों, तेव्हां त्या बाई ओट्यापाशीं पोळ्या लाटीत होत्या. लाटणें न थांबवितां त्यांनीं विचारलें, “काका, इतकं कमी पडत होतं का तुमच्या शाळेला?” प्रश्नांत टोमणा मुळींच नव्हता. शाळेवर खरोखरीच कांहीं प्रसंग ओढवला असेल अशा समजुतीनें, कांहींशा काळजीनेंच, त्यांनीं तो विचारला होता. आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें. काय दिलें तें आतां आठवत नाहीं. यावरूनच तें उत्तर नव्हतें हें उघड आहे. तेव्हांपासून हा प्रश्न आमच्या डोक्यांतून गेलेला नाहीं, आणि त्याचा छडा लावावा या हेतूनेंच हें लिहीत आहों.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करूं. आपल्या मुलांवर व आपल्या शाळेवर इतरांपेक्षां अधिक प्रेम करणें हा अपराध आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्यांतील रक्षकवर्गापुरता हा प्रश्न एका घावांत सोडविला: मूल कोणाचें हें आईबापांसच कळूं द्यावयाचें नाहीं, म्हणजे पक्षपातास जागाच उरणार नाहीं! सुमारें चोवीसशें वर्षांत या तोडग्यास फारसें गिऱ्हाईक मिळालेलें नाहीं, आणि मिळूंही नये. निजतांना मुलास गोष्ट सांगणारा बाप शेजारच्या मुलाचें कांहीं हिरावून घेत नाहीं. न्यायाचा प्रश्न उत्पन्न होतो तो निराळ्याच ठिकाणीं. सर्वांच्या पैशांतून जी वस्तु उभी राहिली तिच्यावर आपल्या मुलाचा हक्क अधिक आणि दुसऱ्याच्या मुलाचा कमी असें आपण गृहीत धरतों, आणि वर पुन्हां हें सारें आपण कष्टानें मिळविलें असें म्हणतों, तेव्हां प्रेमाचा प्रांत संपून हिशेबाचा प्रांत सुरू होतो. आणि आमच्या वर्गाचा हा हिशेब, आमच्या मतें, प्रारंभापासून चुकलेला आहे.

दुसऱ्यांच्या चुका दाखविण्यापूर्वीं स्वतःचेंच खातें उघडावें हें बरें. आमचे वडील एका कचेरींत कारकून होते. मिळकत बेताची, म्हणून आमची फी ई. बी. सी. सवलतींत माफ झालेली. आम्हांस शिकविणाऱ्या शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानांतून होत. पुढें कॉलेजांत जी फी आम्हीं भरली ती आमच्यावर होणाऱ्या खर्चाचा एक लहानसा अंश होता. बाकीचा भार तिजोरीनें उचलला. नंतर त्याच तिजोरींतून आम्हांस पंचवीसांहून अधिक वर्षें पगार मिळत आला आहे. या सर्व काळांत “पोरगा स्वतःच्या हिमतीवर वर आला” हें वाक्य आम्हीं आमच्याविषयीं नातेवाइकांच्या तोंडून कितीदां तरी ऐकलें, आणि प्रत्येक वेळीं विनयानें मान खालीं घातली. पण तें खोडून मात्र काढलें नाहीं. आणि त्या तिजोरींतील पैसा कोणाचा? काडेपेटी, साबण, चपला आणि एस. टी.चें तिकीट विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा. आमच्या शिक्षणास ज्यांचा हातभार लागला त्यांत असे हजारों लोक होते कीं ज्यांच्या स्वतःच्या मुलांनीं चौथीनंतर शाळा सोडली. त्यांचीं नांवें कोणत्याही सभागृहाच्या भिंतीवरील संगमरवरी पाटीवर कोरलेलीं नाहींत.

या गोष्टीस आमच्या शहरांत फार जुना इतिहास आहे. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यांत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे हें प्रसिद्धच आहे. पैसा अर्थात् राज्याचा, म्हणजे मुख्यतः रयतेच्या महसुलाचा. राज्य गेलें तरी दक्षिणा एकदम बंद करणें नव्या सरकारास शहाणपणाचें वाटलें नाहीं. तिच्याच रकमेंतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिचेंच रूपांतर होत होत पुढें डेक्कन कॉलेज झालें. १८४९ सालीं गोपाळ हरि देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, व त्यांच्यासारखे कांहीं सुधारक यांनीं अर्ज केला कीं, या निधीचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस मिळावा. मागणी किती साधी! तरीही तिच्यावरून सनातनी मंडळींत मोठा गहजब उडाला, आणि अर्जदारांच्या पाठीशीं उभे राहण्याचें काम जोतीराव फुले यांस करावें लागलें. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जें मिळत आलें तें त्याला आपलेंच वाटूं लागतें, आणि त्यांतील अंश दुसऱ्यास देण्याची गोष्ट निघतांच आपणांस कोणी लुटीत आहे असें त्याला मनापासून वाटतें. हा दोष त्या काळच्या शास्त्रीमंडळींचाच होता असें मात्र वाचकांनीं समजूं नये.

दक्षिणेच्या पैशावर ही पाठशाळा जेथें निघाली त्याच विश्रामबागवाड्यांत १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं जोतीरावांचा सरकारतर्फें शालजोडी देऊन सत्कार झाला. चार वर्षांपूर्वीं भिडेवाड्यांत मुलींची शाळा काढणारा हा गृहस्थ त्या वेळीं अवघा पंचविशीचा होता. शालजोडीनें त्यांचें समाधान झालें नाहीं, हें आपलें भाग्य. त्यांस हिशेब हवा होता. तीस वर्षांनीं, १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं, त्यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन सादर केलें तें आजही काढून वाचण्यासारखें आहे. आणि आमच्या कॉलेजांतील पदवीधर विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांनीं तें वाचलेलें असतें ही खेदाची गोष्ट आहे. त्यांचा मुख्य प्रश्न एवढाच कीं, राज्याचें बहुतेक उत्पन्न शेतकऱ्याच्या घामांतून येतें, मग त्याच्या मुलांच्या शिक्षणावर त्यांतला किती भाग खर्च होतो? त्या काळीं जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंडाचा कर रयतेकडून घेत, आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. निदान निम्मा फंड प्राथमिक शिक्षणास द्यावा, अशी जोतीरावांची मागणी होती. वरच्या वर्गास शिकवावें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपत जाईल, हा सरकारचा सिद्धांत त्यांनीं साफ नाकारला. प्राथमिक शिक्षकाचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं तो १५ किंवा २० असावा, असे आंकडेही त्यांनीं दिले. हा तपशील आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. न्यायाविषयीं कळवळ्यानें बोलणारे पुष्कळ असतात. मास्तराचा पगार किती असावा हें सांगणारे थोडे.

त्याच निवेदनांत आणखी एक मुद्दा आहे, आणि तो वाचतांना आम्ही दर वेळीं थांबतों. तेव्हां मुंबई इलाख्यांत खासगी शाळांस निकालावर अनुदान देण्याची पद्धति होती. इन्स्पेक्टरानें येऊन परीक्षा घ्यावी, जितकीं मुलें उत्तीर्ण होतील तितक्या मानानें ग्रँट ठरवावी, असा तो प्रकार. इंग्लंडांत १८६२ पासून तो रूढ झाला होता. वरवर पाहतां यांत गैर काय आहे? काम तसा दाम! परंतु जोतीरावांनीं सांगितलें कीं, जेथें लोक गरीब आहेत आणि विद्येची गोडी अद्याप लागलेली नाहीं तेथें ही पद्धति उपयोगाची नाहीं. कोणीही शिक्षक अशा वस्तींत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणार नाहीं, कारण त्याचें पोट त्यावर भरणार नाहीं. या दोन वाक्यांच्या मजकुरांत सर्व प्रकरणाचें मर्म आहे. सुगीच्या दिवसांत मूल शेतावर जातें, म्हणून शाळा बुडते. शाळा बुडते म्हणून तें नापास होतें. तें नापास झालें म्हणून ग्रँट कमी होते. ग्रँट कमी झाली म्हणून मास्तर दुसरीकडे जातो. आणि शेवटीं शाळा बंद पडते, तेव्हां साहेब आपल्या अहवालांत लिहितो कीं, या लोकांस शिक्षणाची इच्छाच नाहीं! ज्याला अधिक हवें त्याला कमी देण्याची, आणि कमी मिळाल्यामुळें जें घडतें तें त्याच्याच माथीं मारण्याची, याहून सोयीची रीति कोणास सुचली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

निकालावर अनुदान देण्याची ती पद्धति केव्हांच गेली. तिच्या जागीं आतां पट आला आहे. शाळेंत मुलें किती यावर शिक्षक किती हें ठरतें. त्यास संचमान्यता म्हणतात. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेस साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. वर्ग पांच, शिक्षक दोन! गणित बरोबर आहे. तीस मुलांमागें एक. फक्त पहिलीचें मूल आणि पांचवीचें मूल हीं एकाच वेळीं एकाच मास्तरानें कशीं शिकवावीं हें त्या गणितांत बसत नाहीं. मग ज्या पालकास थोडें कर्ज काढून कां होईना दुसरी वाट दिसते तो आपलें मूल काढून नेतो. पट घटतो, शिक्षकाची जागा जाते, आणि मागें राहतात तीं ज्यांस दुसरी वाट नाहीं अशांचीं मुलें. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्यसरकारनें वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्या असा विचार पुढें मांडला, आणि नमुना म्हणून आमच्याच जिल्ह्यांतील पानशेतच्या शाळेचा दाखला दिला. पानशेतची शाळा चांगली असेलही. चांगल्या इमारतींत, पुरेशा शिक्षकांपाशीं, समवयस्क सोबत्यांबरोबर शिकावें असें कोणत्या मुलास वाटणार नाहीं? परंतु पावसाळ्यांत मावळांतील वाड्यांवरून सात वर्षांच्या मुलीस नेणारी गाडी एक दिवस आली नाहीं तर त्या दिवशीं तिची शाळा कोठें आहे, हें विचारणाऱ्यास प्रगतीचा शत्रु समजण्याचें कारण नाहीं.

हंटर कमिशननें प्राथमिक शाळा म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डें यांच्या हवालीं कराव्या अशी शिफारस केली. त्यामुळें ज्या ठिकाणाचें उत्पन्न मोठें तेथील शाळा सुस्थितींत राहणार, आणि दुष्काळी तालुक्यानें आपल्या दारिद्र्यांतूनच आपलें शिक्षण भागवावें, असा योग जुळून आला. फर्ग्युसन कॉलेजांत वर्षानुवर्षें अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांस ही अडचण चांगली ठाऊक होती. म्हणूनच १९११ सालीं त्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें जें बिल मांडलें त्यामागें खर्चाचा दोन तृतीयांश सरकारनें आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनीं सोसावा अशी योजना होती. मार्च १९१२ मध्यें ३८ विरुद्ध १३ मतांनीं तें बिल पडलें. विरोधकांत केवळ सरकारी अधिकारीच नव्हते, आपले जमीनदार बंधुही होते, हें विसरतां कामा नये.

आणि हा दोष केवळ आपल्या देशाचा नव्हे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांत शाळांचा बराच भार त्या त्या विभागांतील घरांवरच्या करावर असतो. टेक्सासमधील सान अँटोनियो शहरांत एजवुड नांवाचा गरीब मेक्सिकन वंशाच्या लोकांचा विभाग आहे, आणि त्याच शहरांत अलामो हाइट्स हा श्रीमंतांचा. एजवुडचे लोक घरांच्या दर शंभर डॉलर किमतीवर १.०५ डॉलर कर देत, अलामो हाइट्सचे लोक ०.८५. म्हणजे गरिबांचा दर अधिक. तरीही १९६७–६८ सालीं एजवुडला त्यांतून दर मुलामागें २६ डॉलर मिळाले, आणि अलामो हाइट्सला ३३३. कारण झोपडीवर कितीही कर बसविला तरी बंगल्याइतका तो निघणार कसा? एजवुडचे पालक न्यायालयांत गेले. १९७३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, यांत राज्यघटनेचा भंग होत नाहीं. आपल्या जोतीरावांनीं एक आणा करावरून विचारलेला प्रश्न सातासमुद्रांपलीकडे, नव्वद वर्षांनीं, एका मताच्या फरकानें हरला!

आतां आमचे एक अर्थशास्त्रज्ञ मित्र येथें आम्हांस अडवितील. ते म्हणतात कीं, मोठ्या शहरांतील सार्वजनिक शाळेवर दर मुलामागें होणारा खर्च कित्येक स्वस्त इंग्रजी शाळांच्या फीपेक्षां जास्त असतो. तेव्हां हा पैशाचा प्रश्नच नव्हे, कारभाराचा आहे. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. कारभार सुधारला पाहिजे यांत वादच नाहीं. परंतु दर मुलामागें खर्च जास्त दिसतो याचें एक कारण मुलें कमी झालीं हेंच आहे. भागाकारांत भाजक लहान झाला कीं उत्तर मोठें येतें. शिवाय तो खर्च बहुतांशीं पगाराचा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आमच्या मुलावर शाळेंत जें खर्च होतें तें त्याच्या शिक्षणाचें निम्मेंही भांडवल नसतें. घरांतील पुस्तकें, आईबापांची भाषा, संध्याकाळचा शांत कोपरा, आणि आतां आठवीपासूनच लागणारे खासगी क्लास, यांचा आंकडा कोणत्याही सरकारी तक्त्यांत येत नाहीं. पत्र्याच्या खोलींत राहणाऱ्या मुलीस शाळेनें आमच्या मुलाइतकेंच दिलें तर ती समता नव्हे. तिला शाळेनेंच दोन घरांचें काम करावयाचें असतें.

हें शहाणपण आम्हीं नवें शोधून काढलें आहे असें नाहीं. १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी आयोगानें सर्व मुलांसाठीं एकच समान शाळापद्धति असावी, वस्तींतील सारीं मुलें वस्तींतल्याच शाळेंत जावीं, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणास द्यावा, असें सुचविलें. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक हे मराठी, कोल्हापूरकडचे. त्यांनीं १९४८ सालीं मुंबईंत स्थापन केलेली भारतीय शिक्षणसंस्था १९७६ सालीं पुण्यांत आली. म्हणजे हा विचार आमच्या दाराशींच होता. पण वस्तींतील शाळेंत वस्तींतील सारीं मुलें, हें वाक्य सभेंत टाळ्या घेतें आणि घरीं कोणी उच्चारीत नाहीं. आम्हींही आमच्या मुलास जवळच्या मराठी शाळेंत घातलें नाहीं. त्या वेळीं कारण काय सांगितलें होतें? “वातावरण”. हा शब्द मोठा उपयोगी आहे. त्यांत जें म्हणावयाचें तें सर्व येतें, आणि म्हटलें असें होत नाहीं.

शिक्षणहक्काच्या कायद्यानें या भिंतीस एक खिडकी पाडली. विनाअनुदानित खासगी शाळांनीं प्रवेशवर्गांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्याव्या, आणि त्यांचा खर्च सरकारनें शाळांस परत करावा. महाराष्ट्रांत ही रक्कम २०१९–२० सालीं दर मुलामागें १७,६७० रुपये होती. पुढच्याच वर्षीं, करोनामुळें शाळा बंद म्हणून, ती ८,००० वर आणली गेली. रकमा वेळेवर मिळत नाहींत अशी शाळांची ओरड सतत चालू असते, आणि ती निराधार नाहीं. मग फेब्रुवारी २०२४ मध्यें सरकारनें नियम बदलला कीं, एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर हें बंधन नाहीं. शहरांत अशी जागा शोधून सांपडणें कठीण, म्हणजे खिडकी बहुतेक बंदच. १९ जुलै २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें हा बदल रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही तो निर्णय कायम ठेवला. आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित बाईंनीं त्या वेळीं आम्हांस विचारलें, “पण आम्ही फी भरतो, त्यांनी फुकट का यावं?” आम्हांस आमची ई. बी. सी. आठवली. बाईंच्या वडिलांनाही ती होती, हें आम्हांस ठाऊक आहे. पण आम्ही बोललों नाहीं.

जोतीरावांच्या काळीं अन्याय उघड होता. आतां त्यानें दानाचें वस्त्र पांघरलें आहे, आणि आमच्या मतें हेंच सर्वांत अवघड प्रकरण आहे. अनुदानित शाळेस सरकार मुख्यतः पगार देतें. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडांगण यांचा बोजा ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. ज्या शाळेचे माजी विद्यार्थी अमेरिकेंत, तिला सभागृह. ज्या शाळेचे माजी विद्यार्थी हमालपंचायतींत, तिला माजी विद्यार्थीसंघच नाहीं. अनुदान दोघींस एकाच नियमानें, आणि तरीही दोन शाळांत जमीनअस्मानाचा फरक. पुन्हां कांहीं ठिकाणीं अनुदानाच्या काळांत मिळालेल्या आवारांतच फी घेणारी इंग्रजी शाखा निघते, आणि जुनी मराठी शाखा दुपारच्या पाळींत ढकलली जाते. सप्टेंबर २०२३ मध्यें सरकारनें शाळा दत्तक घेण्याची योजनाही काढली. देणगीदारानें ठराविक रक्कम द्यावी, आणि कांहीं काळ शाळेस आपण सुचविलेलें नांव लावावें. देणगीदार सद्‌हेतूनेंच देत असेल. परंतु दत्तक घेतात तें पोरक्या मुलास. आणि ज्या शाळेचा बाप म्हणजे सारें राज्य, ती पोरकी केव्हां झाली?

दान सर्वच वाईट, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली तेव्हां खेड्यापाड्यांतून मूठमूठ धान्य गोळा केलें. वसतिगृहांतील मुलांच्या जेवणासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपलें मंगळसूत्रही मोडलें. परंतु मूठभर जोंधळा देणारी शेतकरीण आपल्याच घरच्या, आपल्याच जातीच्या पोरासाठीं देत नव्हती. ज्यास जागा नाहीं त्यास जागा व्हावी म्हणून देत होती. आम्हीं दिलेले २०,००० रुपये ज्यांस सर्व कांहीं आहे त्यांस थंड हवा मिळावी म्हणून होते. दोन्हींस आपली भाषा देणगी हा एकच शब्द वापरते.

आणि ते २०,००० तरी सगळे आमचे होते काय? संमेलनानंतर महिन्याभरानें संस्थेची पावती आली. तिच्यावर प्राप्तिकराच्या ८०-जी कलमाचा उल्लेख होता. जुन्या पद्धतीनें कर भरणाऱ्या आमच्यासारख्यास अशा देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नांतून वजा करतां येते. आमच्या उत्पन्नाच्या श्रेणींत तेवढ्यानें सुमारें ३,००० रुपये कर वांचतो. म्हणजे त्या सभागृहास तिजोरीनें ३,००० रुपये दिले, आणि ते कोणत्या शाळेस द्यावे हें आम्हीं ठरविलें. स्वयंपाकाच्या बाई साबणावर, चपलेवर जो कर देतात तो कोणत्या शाळेस जावा हें त्यांस कोणीं कधीं विचारलेलें नाहीं. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस सुचलें नाहीं याचें आतां नवल वाटत नाहीं. आमच्या शाळेस कांहीं कमी पडत नव्हतें, आणि तरीही त्यांनीं, त्यांच्या नकळत, तिला वर्गणी दिली होती.

पावती खणांत आहे. विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत ती बाहेर काढावी कीं नाहीं हें अजून ठरलेलें नाहीं. जूनमध्यें शाळा सुरू झाल्या तेव्हां बाईंनीं सांगितलें कीं, पट कमी झाल्यामुळें त्यांच्या मुलीच्या शाळेंतील एक शिक्षिका गेल्या, आणि सातवी-आठवी आतां एकाच वर्गांत बसतात. तेव्हांपासून बाई पोळ्या करीत असतां ती मुलगी आमच्या टेबलापाशीं बसते, आणि आम्ही तिला बीजगणित शिकवितों. मुलगी हुशार आहे. समीकरणें दोन आठवड्यांत आलीं. तिच्या वर्गांत आणखी एकवीस मुलें आहेत असें ती बोलतां बोलतां म्हणाली. त्यांस संध्याकाळीं कोण शिकवितें हें आम्हीं तिला अद्याप विचारलेलें नाहीं.